एवढ्या लांबून आलो

१९८७ साली लग्न होऊन मी तारकर्लीत आले आणि त्याच वर्षी मालवणचा समुद्र अभयारण्य झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सरकारनं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला, त्यात साधारण तीन चौरस किलोमीटरचा गाभा. आमच्या घरी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सासूबाई अंगणात सुकट वाळत घालता घालता म्हणाल्या, "आता आमका दर्यात जावक सुदिक चिठ्ठी लागतली." मी तेवीस वर्षांची, आचऱ्याची, घरात नवी. पण ते वाक्य मी त्याच दिवशी माझं करून टाकलं, आणि पुढची सदतीस-अडतीस वर्षं ते माझंच राहिलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. अक्षर बरं, मजकूर नेमका, म्हणून गावात निवेदन लिहायचं झालं की कागद माझ्याकडे येई. अभयारण्याच्या विरोधातली किती निवेदनं माझ्या हातची आहेत, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. प्रत्येकात एक ओळ ठरलेली असे: समुद्र आमचा आहे, तो कसा राखायचा हे आम्हाला दुसऱ्या कुणी शिकवू नये. ती ओळ लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. आता अडखळतो. का, ते नीट सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर विसंबून सह्या करणारी माणसं गावात अजून आहेत.

रापणीला वाईट दिवस आले तसे आम्ही न्याहारी-निवासाकडे वळलो. आधी दोन खोल्या, मग चार. तारकर्ली म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पुढे देवबागला नदी समुद्राला मिळते. पाहुणे आपणहून येऊ लागले. धाकट्या दिरांच्या मुलानं होडी घेतली आणि किल्ल्याजवळचं प्रवाळ, सकाळचे डॉल्फिन दाखवायला तो पाहुण्यांना नेऊ लागला. त्यांच्या हाती पावाचा पुडा द्यायची कल्पना माझी. पाव पाण्यात चुरला की मासे हाताभोवती गोळा होतात, फोटो छान येतात आणि तेच पाहुणे पुढच्या वर्षी चार जणांना घेऊन येतात. पाव खाऊन पोट भरलेला मासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडायला जात नाही, आणि शेवाळ वाढलं की त्याखाली प्रवाळ गुदमरतं, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. समुद्रजीवांचा अभ्यास करणारी मुलं आमच्याकडे उतरत, त्यांनी ते मला ओट्यावर बसून समजावलं होतं. दगडासारखं गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी ऐकून घेतलं, त्यांना सोलकढी दिली आणि दुसऱ्या दिवशी पावाचे पुडे पुन्हा होडीवर पाठवले. नांगर कुठे टाकतोस, हे पुतण्याला एकदाही विचारलं नाही.

त्याच काळात आम्ही बंदीसुद्धा मागत होतो. मोठ्या घेरजाळ्यांचे पर्ससीनवाले किनाऱ्याजवळ येऊन बांगड्याचे थवेच्या थवे उपसून नेत आणि आमच्या रापणीला कचरा लागे. त्यांना आवरा म्हणून मोर्चे निघाले, त्यांचीही निवेदनं मीच लिहिली. २०१६ साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले त्या दिवशी मी घरी गोड केलं होतं. माझ्या जुन्या वहीत दोन्ही कच्चे मसुदे आहेत. एका पानावर अभयारण्याची बंधनं नकोत, चार पानं उलटली की पर्ससीनवर बंधनं हवीत. ही दोन पानं एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही.

या वर्षी फेब्रुवारीत, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, आमच्या बचत गटाच्या सात जणींनी एक दिवस बाहेर जायचं ठरवलं. देवदर्शन सोडून कुठेतरी जाऊया, असं माझी सून म्हणाली. ती गारगोटीची. तिच्या मनात आधी चांदोली होतं. ते खरोखरचं राष्ट्रीय उद्यान, २००४ पासूनचं, पण तारकर्लीहून एका दिवसात जाऊन येणं जमलं नसतं. मग दाजीपूर ठरलं. फोंड्याचा घाट चढून गेलं की आलंच ते. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान राज्यातलं सगळ्यांत जुनं अभयारण्य. त्याआधी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान होतं. १९८५ मध्ये हद्द वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. युनेस्कोनं २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून निवडल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि हे राधानगरी. हे सगळं सुनेनं गाडीत वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होते. 'अभयारण्य' हा शब्द कानावर आला की मला फाटक दिसे, आणि फाटकाबाहेर उभी असलेली माझी सासू.

पाहुण्यांनी कधी दाजीपूरबद्दल विचारलं तर मी त्यांना परतवत असे. वर काय आहे, नुसती झाडं, असं सांगत असे. त्या दिवशी माझ्या जावेनं गाडीत माझंच वाक्य बोलून दाखवलं, "झाडां तर आपल्या परड्यात पन आसत, तेंका बघूक येवडा पेट्रोल?" मी काही बोलले नाही, पण मनातून तिच्याच बाजूची होते.

पहाटे चारला निघालो. कसाल, कणकवली, फोंडा. घाटात धुकं इतकं की पुतण्यानं गाडी पायी चालल्यासारखी चालवली. वर पोचलो तेव्हा कानाला पदर गुंडाळूनही दात वाजत होते. समुद्रकाठच्या माणसाला ही थंडी माहीत नसते. नाक्यावर वहीत नावं लिहिली, शुल्क भरलं आणि सोबत एक गाईड घेतला. जवळच्याच गावचा, पंचविशीतला मुलगा. त्यानं निघण्याआधी सांगितलं की मोठ्यानं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, प्लास्टिक टाकायचं नाही, आणि तो थांब म्हणाला की थांबायचं. शेवटची अट सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिक्षिकेचा चेहरा लपत नसावा.

पहिला तासभर आम्ही सड्यावरून चाललो. जांभ्याचा कातळ पायाखाली आला तेव्हा मला बरं वाटलं, कारण तो आमच्याकडेही आहे. वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, त्यावर दव, साडीचे काठ भिजून जड झालेले. मग वाट रानात शिरली आणि उजेड एकदम कमी झाला. जांभूळ, हिरडा, पिसा, आणि सगळीकडे अंजनी. अंजनी फुलली होती. मी ते झाड कोकणात पाहिलं आहे, पण असं कधी नाही. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडाला, फांदीला चिकटून येतात, निळी-जांभळी, बारीक, दाट. दोन्ही बाजूंची झाडं निळ्या लोकरीत गुंडाळल्यासारखी उभी होती. गाईडनं वर बोट केलं. उंच फांद्यांच्या बेचक्यात पानाकाटक्यांचा मोठा गोळा, शेकरूचं घरटं. थोड्या वेळानं शेकरूही दिसलं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं, एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावताना. आमच्यातली एकही बाई बोलली नाही. सात मालवणी बायका पाऊण तास गप्प चालल्या, हे मी आयुष्यात प्रथम पाहिलं.

एका वळणावर ओढा लागला. फेब्रुवारी असून त्याला वाहतं पाणी होतं, थोडं, पण खळखळ ऐकू येण्याइतकं. मी गाईडला विचारलं, हे पाणी कुठे जातं? तो म्हणाला, ह्ये भोगावतीला. म्हणजे राधानगरीच्या धरणात, जे शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी बांधायला घेतलं. तिथून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि शेवटी पार बंगालच्या उपसागरात. आणि त्या समोरच्या धारेपलीकडे पडलेला पाऊस कोकणात उतरतो, आमच्या समुद्रात. एवढ्याशा धारेवर ठरतं की थेंबानं कुठल्या समुद्राला जायचं. वर्गात मी 'जलविभाजक' हा शब्द फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतला होता. तो मी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आमची कर्ली या डोंगराची नाही, ती याच सह्याद्रीतून पण बरीच दक्षिणेकडे उतरते. तरी मला घरची विहीर आठवली. तारकर्लीत जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर पातळ, दोन्ही बाजूंना खारं पाणी टेकलेलं. खोल्या वाढल्या, पंप वाढले, तसा मे महिन्यात आमच्या विहिरीच्या पाण्याला खारटपणा जाणवू लागला. चहा नासतो. पावसाळा आला की थर पुन्हा भरतो, म्हणून आम्ही कधी घाबरलो नाही. त्या ओढ्यापाशी उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की इथं ही माती, ही मुळं पाऊस धरून ठेवतात, शिमग्यापर्यंत थोडा थोडा सोडत राहतात. आम्ही मात्र आमचा थर धरून ठेवायला काहीच केलेलं नाही, नुसता उपसा केला आहे.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. मुख्य वाटेपासून एक पायवाट खाली जात होती. चिखलात गव्यांचे खूर उमटले होते, इतके ताजे की त्यांत पाणी अजून झिरपत होतं. खाली पाणवठा असणार हे कुणीही ओळखलं असतं. मी त्या वाटेनं वळले. गाईड पुढे आला.

"मावशी, म्होरं जायचं न्हाई. सकाळचं गवं पाण्यावर असत्यात."

मी म्हटलं, लांबूनच बघू, आवाज करणार नाही. तो नको म्हणाला. मी म्हटलं, दहा पावलं. तो तरीही नको म्हणाला. मग माझ्या तोंडून निघालं, "अरे, एवढ्या लांबून आलो आम्ही. पैसे भरले. आणि दाखवणार नाहीस?"

हे वाक्य मी ओळखते. तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेली पंधरा वर्षं मी ते ऐकते आहे. पाहुणे पुतण्याला हेच म्हणतात: एवढ्या लांबून आलो, पैसे मोजले, होडी अजून जवळ घे. आणि तो घेतो. सहा-सात होड्या डॉल्फिनला चारी बाजूंनी घेरतात, इंजिनं घरघरतात, डॉल्फिन बुडी मारून दुसरीकडे निघतात आणि होड्या पुन्हा त्यांच्या मागे. पाहुण्यांचा मला राग येत नसे, ते पैसे देतात. पण ते वाक्य बोलणाऱ्याला आपण हक्काचं काहीतरी मागतो आहोत असंच वाटत असतं, हे मला माहीत नव्हतं. मला तेव्हा तसंच वाटत होतं. अगदी हक्काचं.

गाईड चिडला नाही. म्हणाला, "तुमी सांजच्याला जाशीला. आमाला हितंच ऱ्हायचंय, आन् त्यांनाबी."

आम्ही पाच-दहा मिनिटं तिथंच उभ्या राहिलो. गवा आला नाही. परतेपर्यंत एकही गवा दिसला नाही. गटातल्या दोघी हिरमुसल्या. मी त्या चिखलातल्या खुरांकडे बघत होते आणि मला पुतण्याचा चेहरा दिसत होता. या पोरानं जे केलं, ते माझ्या पुतण्यानं एकदाही केलं नाही. धाडस नाही म्हणून नव्हे. 'नाही' म्हणायला त्याच्यामागे कुणी उभं नाही म्हणून. त्याच्यामागे मी उभं राहायचं होतं. मी त्याच्या हातात पावाचा पुडा दिला.

दुपारी कड्याच्या टोकाला बसून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. खाली कोकण पसरलं होतं, धुरकट, हिरवं-करडं. समुद्र दिसला नाही. मी बराच वेळ त्या दिशेला बघत राहिले. जेवताना गाईडशी बोलणं झालं. सुनेला बघून तो मोकळा झाला, गाववालीच ती. गवे रात्री शेतात उतरतात आणि उभा ऊस तुडवतात, असं त्यानं सांगितलं. भरपाई मिळते, पण कागद करता करता चपला झिजतात. त्याच्या आजीला अभयारण्य आवडत नाही. जंगल राखायचं तर आमचं पोट धरून राखा, असं ती म्हणते. त्याला गाईडचं काम मिळाल्यापासून घरातलं बोलणं थोडं बदललं आहे, थोडंच.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझं मत बदललं म्हणजे सासूबाईंची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. चांदोलीत धरणासाठी आणि उद्यानासाठी गावंच्या गावं उठली, आणि त्या माणसांना ठरलेल्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं धरणे धरून बसावं लागलं. माणसं उठवून राखलेल्या रानाच्या बाजूनं मी आजही सही करणार नाही. पण आमच्यावर तशी वेळ आली नव्हती. आमचं घर कुणी उठवलं नाही. आमच्या होड्या तेव्हाही गेल्या, आजही जातात. जे संकट आमच्यावर आलंच नाही, त्याच्या नावाखाली मी जे खरोखर घडत होतं तेही झाकलं. प्रवाळ आमच्या नांगरांनी तुटत होतं, पर्ससीनच्या जाळ्यानं नाही.

परत येताना गाडीत सगळ्या झोपल्या. मला माहेर आठवत होतं. आचऱ्याची गावपळण महाराष्ट्रभर माहीत आहे. तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्या घालून राहायचं. मी सात वर्षांची असताना आईच्या कुशीतून गावाकडे बघितलं होतं. एकही दिवा नव्हता. आजीला विचारलं, आता गावात कोण आहे? ती म्हणाली, "गाव आसा." कारण विचारलं तर कुणी एक सांगतं, कुणी दुसरं. त्याला आजचा पर्यावरणाचा अर्थ चिकटवायची माझी इच्छा नाही, ती देवाची आज्ञा म्हणूनच पाळली जाते आणि तेवढं पुरेसं आहे. मला आठवलं ते एवढंच, की आपल्याच गावातून तीन दिवस बाहेर राहायचं, यात आम्हाला कधी अपमान वाटला नाही. गाव आमचं आहे म्हणूनच आम्ही बाहेर जात होतो. जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतो तेव्हाही कुणाला तुरुंग वाटत नाही, नारळी पौर्णिमेला नारळ देऊनच समुद्रात जातो. थांबणं आमच्या रक्तात होतं. ते कागदावर सरकारी शिक्क्यासह आलं तेव्हाच मला ते परकं वाटलं, आणि मी ते परकं आहे असं गावाला पटवत राहिले.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते पाव बंद. पुतण्या म्हणाला, दुसऱ्या होड्या देतात, मग आपले पाहुणे तिकडे जातील. जातील काही. मार्चमध्ये एक कुटुंब गेलंही. दुसरं, नांगर टाकायचाच नाही. किल्ल्याजवळ वाळूच्या जागी एक बोया कायमचा बांधावा आणि होड्या त्यालाच बांधाव्यात, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. परवानगी कुणाची लागते ते विचारायला मी मालवणला दोनदा जाऊन आले. ज्या कार्यालयावर मी निवेदनं घेऊन जात असे, तिथंच या वेळी मदत मागायला गेले. जिना चढताना पाय जड झाले होते.

आमच्या घरात अजून एकमत नाही. यांचं म्हणणं मी तसंच लिहिते: "डोंगरार जावन इलंस आनि आता दर्याक शिकवतंस?" मी त्यांना वही दाखवली, ती दोन पानं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचली. पर्ससीनचं पान दोनदा वाचलं. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि जाळं विणायला बसले. अजून विणतात ते, रापण थांबली तरी.

शिमग्यानंतरच्या ग्रामसभेत बोलायला मी नाव दिलं आहे. प्रवाळाच्या जागी एका वेळी किती होड्या असाव्यात, डॉल्फिनपासून किती लांब थांबावं, वर्षातले कुठले दिवस ती जागा मोकळी ठेवावी, हे आपण होडीवाल्यांनीच बसून ठरवावं, अभयारण्याच्या लोकांना बोलवून ठरवावं, असं मी मांडणार आहे. आणि त्याआधी, माझ्या जुन्या निवेदनांवर ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यासमोर, ती ठरलेली ओळ मी मागे घेते आहे हे सांगणार आहे. काल रात्री यांना म्हटलं, तुम्ही या. ते म्हणाले, येईन, पण मागे बसेन.

मी म्हटलं, मागे बसा, पण या.